तालियाने कुठे झोपायचे

वायानने खिशातून छोटी चौकोनी किल्ली काढली, छताला असलेल्या भोकात घालून फिरवली आणि छताचाच भाग वाटणारी एक फळी हळूहळू खाली उतरली. फळीवर गादी होती, चादर होती, उशी होती आणि झोपेत कोणी पडू नये म्हणून कडेला वीतभर उंचीचा कठडा होता.

"हा माझा," तालियाने सांगून टाकले. ती सात वर्षांची होती आणि शिडी लावायच्या आतच तिने एक चप्पल काढली होती.

"आणि खालचे दोन पलंग? जोडून ठेवू की वेगळे, मिस ओडेसा?" वायानने विचारले. जहाजावरच्या या बाजूच्या सोळा खोल्यांची देखभाल त्याच्याकडे होती आणि प्रत्येक दारात तो हाच प्रश्न विचारत आला होता.

"आम्ही दोघीच आहोत, बाबा. त्यातली एक तर छताला टांगलेली. तुला वाटेल तसं कर."

वायान हसला. ओडेसाबाईही हसल्या. पण त्यांचे लक्ष त्या वरच्या बिछान्याकडे होते. तिथून खालच्या उशीपर्यंत त्यांनी नजरेनेच अंतर मोजले. फार तर पाच फूट. पाच फुटांवरून मुलाने हाक मारली तर कोणत्याही माणसाला ऐकू जाईल. कोणत्याही माणसाला.

त्या पोर्ट आर्थरच्या. तिथल्या शाळेत दुसरीच्या वर्गाला त्यांनी चौतीस वर्षे शिकवले होते. निम्म्या गावाला बेरजेतला हातचा त्यांनीच शिकवला, असे लोक म्हणत. आज सकाळी मुलगी रेनिटा, जावई डेझमंड आणि नात तालिया यांच्याबरोबर त्या गॅल्व्हस्टनच्या बंदरावर आल्या होत्या. जहाज चार वाजता सुटणार होते. पाच दिवसांची सफर होती.

कोणी कुठे झोपायचे हे डेझमंडने महिन्यापूर्वीच ठरवले होते. तो तेलाच्या कारखान्यात कामगारांच्या पाळ्या लावायचा, त्यामुळे कागदावर चौकोन आखल्याशिवाय त्याला काही सुचत नसे. त्याची स्वतःची दिवसपाळी, रेनिटाची दवाखान्यात रातपाळी. सात वर्षे नवरा-बायको एकाच पलंगावर आळीपाळीने झोपत आले होते. "आई, पाच दिवस आम्हाला एकाच वेळी झोपायचंय," त्याने ओडेसाबाईंना सांगितले होते, "बाकी मला समुद्राचं काही पडलेलं नाही." म्हणून दोन मजले वरची, गॅलरी असलेली खोली त्या दोघांना, आणि खालची बिनखिडकीची आजी-नातीला. सगळ्यांना ते पटले होते. तालिया तर गेले दोन आठवडे बोटांवर दिवस मोजत होती.

ओडेसाबाईंनीही मान डोलावली होती. त्यांच्या कानांत ऐकण्याचे मशीन होते हे सगळ्यांना ठाऊक होते. वय झाले, थोडे कमी ऐकू येते, एवढेच सगळे समजून होते. मशीन काढल्यावर काय उरते हे कोणाला माहीत नव्हते. जहाजाच्या अर्जावर एक प्रश्न होता: प्रवाशाला ऐकण्यासंबंधी काही अडचण आहे का? तो अर्ज ओडेसाबाईंनी स्वतःच्या हाताने भरला होता आणि 'नाही'च्या चौकोनात खूण केली होती. मुलांच्या वहीत चुकीच्या उत्तरावर त्या जशी ठसठशीत खूण करत, तशीच.

दोन वाजता सगळ्यांना आपापल्या जमण्याच्या जागी बोलावले. जहाजावर आग लागली किंवा पाणी शिरले तर कोणी कुठे गोळा व्हायचे, हे सुटण्यापूर्वीच सांगून ठेवतात. खालच्या खोलीची जागा दोन नंबर, वरच्या खोलीची सात. नारिंगी जाकीट घातलेल्या एका मुलीने तालियाच्या मनगटावर कागदी पट्टा बांधला. त्यावर मोठा दोनचा आकडा होता.

"रात्री ही कोणाजवळ असते?" मुलीने विचारले.

"माझ्याजवळ," तालियाच म्हणाली. "मी वर, आजी खाली."

"छान. मग आजी, नीट ऐका हं. सात छोटे भोंगे आणि एक लांब. तो ऐकला की हिला उठवायचं आणि थेट इथं आणायचं. हिच्या आईवडिलांना शोधायला वर जायचं नाही. ते त्यांच्या जागी जातील. रात्री हिची जबाबदारी तुमची. बरोबर?"

"हो," ओडेसाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात भोंगा वाजवून दाखवला. कानात मशीन होते तरी त्यांना तो लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटला. आजूबाजूची माणसे मात्र कानांवर हात ठेवून हसत होती. तालियाने तर डोळेच मिटून घेतले होते.

खोलीत परत येईपर्यंत त्यांनी मनाला खूप समजावले. पाचच तर रात्री. एवढे मोठे जहाज काय रोज पेटते? पण मार्चमधली ती दुपार काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना. गॅसवर राजमा ठेवून, मशीन काढून त्या जरा आडव्या झाल्या होत्या. जाग आली ती शेजारचा क्लॅरेन्स त्यांचे पाय धरून हलवत होता तेव्हा. घरात धूर भरला होता आणि डोक्यावर धुराची घंटा ठणाणा करत होती, असे त्याने नंतर सांगितले. त्यांना दिसला होता तो फक्त घंटेवरचा लाल दिवा, लुकलुकणारा. कोणाला सांगू नकोस म्हणून त्यांनी क्लॅरेन्सला शपथ घातली आणि वर लिंबाचा केक करून खाऊ घातला. क्लॅरेन्सने केक खाल्ला, पण शेवटचा घास घेताना म्हणाला, "ओडेसा, पुढच्या वेळी मी घरी नसेन तर?"

तालिया वरच्या बिछान्यावर चढून बसली होती. पाय कठड्यातून खाली लोंबत होते.

"आपण एक खेळ खेळू या," ओडेसाबाई म्हणाल्या. स्वर अगदी वर्गातला होता. जे खरे तर परीक्षा असे, त्याला त्या चौतीस वर्षे खेळच म्हणत आल्या होत्या. "मी झोपलेय. तुला तहान लागलीय. तू वरूनच मला हाक मारायचीस. मी उठले की तू जिंकलीस."

"सोप्पंय."

"बघू या की."

त्यांनी दोन्ही मशीन काढून चष्म्याच्या डबीत ठेवली, भिंतीकडे तोंड केले आणि डोळे मिटले.

काहीच नाही. जहाजाची घरघर अंगाला जाणवत होती, गादीतून, हाडांतून. पण आवाज म्हणून काही नव्हते. पोरगी लाजत असेल, त्यांना वाटले. अजून सुरूच केले नसेल. त्या मनात आकडे मोजू लागल्या. वीस झाले. चाळीस झाले. कसला विचार करतेय ही? साठाच्या पुढे गेल्यावर त्यांनी वळून पाहिले.

तालिया शिडीच्या मधल्या पायरीवर होती. चेहरा लाल झालेला, नाक वाहत होते आणि तोंड पूर्ण उघडे. मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. ती ओरडत होती. कधीपासून ओरडत होती कोण जाणे.

त्यांनी मशीन कानात बसवले.

"...उठतच नाहीस तू. मी आजी म्हटलं, मग ओडेसा म्हटलं, मग आग पण म्हटलं."

"ये, खाली ये आधी. हळू. एकेक पायरी." त्यांनी तिला कुशीत घेतले. पोरीचे हृदय कबुतरासारखे फडफडत होते.

"मी हरले," तालिया हुंदके देत म्हणाली.

"तू नाही हरलीस गं."

"शनिवारी पण तू अशीच करतेस."

ओडेसाबाईंचा हात तिच्या पाठीवर थांबला. शनिवारी रेनिटाबरोबर डेझमंडलाही रातपाळी असायची आणि तालिया मुक्कामाला आजीकडे यायची. "शनिवारी काय करते मी?"

"मी हाक मारते आणि तू येतच नाहीस. मग मी माझं मीच पाणी घेते. स्टूल गॅसपाशी लावलं की नळाला हात पुरतो." नाक बाहीला पुसून ती जरा अभिमानाने म्हणाली, "एकदाच पडले. पण लागलं नाही. आईला सांगितलं नाही मी. तिनं मला पाठवलंच नसतं परत."

ओडेसाबाईंनी तालियाचे तोंड धुतले, तिचा हात धरला आणि दोघी दोन मजले वर गेल्या.

वर डेझमंड बुटांसकट पलंगावर आडवा पसरून घोरत होता. रेनिटा गॅलरीत पाय वर घेऊन बसली होती. तालियाला बापाशेजारी बसवून ओडेसाबाई बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतले. रडत आलेल्या मुलांना त्या नेहमी सांगत, काय झालं ते एका वाक्यात सांग. स्वतःला मात्र तीन वाक्ये लागली.

"मशीन काढलं की मला काही ऐकू येत नाही, रेनिटा. ती 'आग' म्हणून ओरडली तरी मी उठले नाही. तिला माझ्याजवळ झोपवू नकोस."

"काही म्हणजे?"

"काही म्हणजे काहीच."

रेनिटाने पाय खाली घेतले. "कधीपासून?"

"दीड वर्ष होईल."

रेनिटा नर्स होती. वाईट बातमी ऐकताना चेहरा हलू द्यायचा नाही, ही सवय तिला होती. ती फक्त मागे मागे हिशेब करत गेली, आणि तो कुठे जाऊन थांबला ते आईला दिसले.

"आणि शनिवारी?" तिने विचारले.

ओडेसाबाईंनी सगळे सांगितले. स्टूल, पाणी, मार्चमधला राजमा, क्लॅरेन्स. काही झाकले नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर पाठवलं असतंस तिला?"

"नाही."

"म्हणून."

रेनिटाने रेलिंग घट्ट धरले. खाली धक्क्यावर शेवटच्या बॅगा चढत होत्या. "मी दुसऱ्यांच्या आयांना रात्रभर विचारत बसते, कुठं दुखतंय, काय होतंय," ती म्हणाली. "आणि तू..."

दार सरकले. डेझमंड डोळे चोळत उभा होता. "काय झालं? माझी पाळी आली का?"

रेनिटाने त्याला दोन शब्दांत सांगितले. तो सासूकडे बघत राहिला, मग मान खाजवत म्हणाला, "त्यात काय. मी जातो खाली आईंच्या खोलीत. माझं घोरणं ऐकू न येणारं माणूस सात वर्षांत पहिल्यांदा भेटतंय."

ओडेसाबाईंना हसू फुटले. रेनिटा हसली नाही.

"तालिया इथं झोपेल, कोचावर," ती म्हणाली. "आई, तुझ्या खोलीत रात्री सोबत लागेल का?"

"नको. तुम्ही दोघं इथंच झोपा. इतकं तरी राहू दे."

"बरं." रेनिटाने आईच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता. "शनिवारचं घरी गेल्यावर बघू."

ओडेसाबाईंनी मान हलवली. त्यांनी स्वतः कितीतरी पालकांना 'बघू' म्हणून घरी पाठवले होते. त्याचा अर्थ त्यांना शिकवावा लागणार नव्हता.

साडेतीन वाजता नारिंगी जाकिटातल्या मुलीने कात्रीने दोनचा पट्टा कापला आणि तालियाच्या मनगटावर सातचा बांधला. तालियाने रडारड केली नाही. फक्त विचारले, "मग त्या छतातल्या बिछान्यावर कोण झोपणार?"

"कोणीच नाही," ओडेसाबाई म्हणाल्या.

खालच्या खोलीत परत आल्यावर त्यांनी तालियाचा झोपायचा झगा, दात घासायचा ब्रश आणि सशाचे चित्र असलेले मऊ पायमोजे एका पिशवीत भरून न्यायला आलेल्या डेझमंडच्या हाती दिले. मग त्या पलंगावर बसून राहिल्या. भीती जाईल असे त्यांना वाटले होते. ती गेली नव्हती. ती आता त्यांच्या एकटीची झाली होती, एवढेच.

थोड्या वेळाने वायान एक डबा घेऊन आला. रेनिटाने त्याला वाटेत गाठले असावे. डब्यात वाटीएवढी एक चकती होती आणि तिला लांब वायर. त्याने चकती उशीखाली सरकवली आणि वायर नेऊन दाराला जोडली.

"दार वाजलं किंवा भोंगा झाला की उशी हलेल, मिस ओडेसा. मी बाहेरून वाजवतो. तुम्ही मशीन काढा म्हणजे नीट कळेल. कळलं की दार उघडा."

परक्या माणसासमोर त्यांनी आजवर कधी मशीन काढले नव्हते. त्यांनी एक काढले, मग दुसरे, आणि दोन्ही टेबलावर उघड्यावर ठेवली. वायान बाहेर गेला. दार मिटले. त्यांनी उशीवर तळहात ठेवला.

क्षणभर काहीच झाले नाही. मग उशी थरथरली. थांबली. पुन्हा थरथरली, जोरात, कोपरापर्यंत जाणवेल इतकी.

त्यांनी उठून कपडे सारखे केले आणि दार उघडले. बोळ माणसांनी भरलेला होता. जहाज सुटताना पाहायला सगळे वर निघाले होते. वायानचे ओठ हलत होते, तो काहीतरी विचारत होता. त्याच्या मागे एक म्हातारे जोडपे वाट मिळायची वाट बघत उभे होते.

"थांब," ओडेसाबाई म्हणाल्या, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. "मला ऐकू येत नाही."