दोन बोटांच्या अंतरावरून

मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. मित्रांनो, माझ्या जातीच्या इतरांनी डोंगर पाहिले, वराती पाहिल्या, समुद्र पाहिला. मी पाहिल्या त्या अंगठ्याच्या पेराएवढ्या मातीच्या बुद्धमूर्ती, आणि त्याही दोन बोटांच्या अंतरावरून. त्यापलीकडचे मला फारसे आठवत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. मला जोडणारे हात हातमोज्यांत होते, त्यामुळे त्यांच्याविषयी काही सांगता येत नाही. पुढे मी थायलंडमधल्या फित्सनुलोक शहरातल्या एका दुकानाच्या काचेआड बसून राहिलो. तेथे एके दिवशी वितून आले. नान नदीकाठच्या विहाराबाहेर त्यांची टपरी होती. गळ्यात घालायच्या मूर्ती ते पारखत आणि लोकांना देत. बाजारात सगळे त्यांना लुंग म्हणत, म्हणजे काका.

दुकानदाराने सर्वांत मोठा कॅमेरा पुढे केला. "हा घ्या, लुंग! चंद्रावरचे खड्डे दिसतात यातून."

"माझ्या टपरीवर चंद्र कोण आणतं हो?" लुंग म्हणाले. त्यांनी गळ्यातली मूर्ती काढली, हात जोडले आणि ती काउंटरवर ठेवली. "हिचा फोटो काढा. एवढ्या जवळून." त्यांनी दोन बोटे आडवी धरली.

मोठ्याला तेवढ्या जवळचे दिसेचना. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या भिंगाची सोंड इतकी पुढे आली की तिचीच सावली मूर्तीवर पडली. मग माझ्यावरचे, अगदी जवळचे टिपायचे फुलाच्या खुणेचे बटण दाबले गेले. मूर्तीच्या कडेला उडालेला टवका, त्यातला विटेचा लाल कण, सारे माझ्या पडद्यावर उमटले. लुंगनी खिशातले भिंग काढून माझा पडदाच तपासला.

"हा द्या," ते म्हणाले. "दिसायला बावळट आहे, पण बघतो नीट."

माझ्या आयुष्यातली ही पहिली स्तुती. मला आनंद झाला असावा.

त्यानंतरची वर्षे सारखीच गेली. मला एका स्टँडवर खाली तोंड करून बसवले होते. खाली करडे कापड, डावीकडून खिडकीचा उजेड, उजवीकडे सावली उजळायला पांढरा कागद. बोटाचा धक्का लागू नये म्हणून बटण दाबल्यावर मी दोन सेकंद थांबून डोळा उघडत असे. फ्लॅश मात्र कधीच नाही. त्याने माती प्लास्टिकसारखी दिसते, असे लुंग म्हणत. बँकॉकचे परीक्षक आधी माझे फोटो पाहत, मग मूर्ती मागवत आणि खरी ठरली तर तसा कागद देत.

शेजारच्या टपरीवरचे हेंग चिडवत, "लुंग, मूर्तींची लग्नं जुळवताय का? एवढे फोटो तर माझ्या पोरीचेही नाही काढले मी!"

"तुझी पोर खरी की खोटी, असं कोणी विचारतं का?" लुंग म्हणत.

एका दुपारी लमूनबाई आल्या. त्यांचे यजमान प्रयून नुकतेच वारले होते. त्यांच्या गळ्यातली मूर्ती रुमालात होती. गावच्या थोरल्या भिक्षूंनी पुराच्या वर्षी विहारातली ही जुनी मूर्ती स्वतःच्या हाताने दिली, असे प्रयून जन्मभर सांगत आले होते. आणि त्यांचे थोरले भाऊ जन्मभर हसत आले होते.

"शंभराव्या दिवसाच्या पूजेला दीर येणार आहेत," लमूनबाई म्हणाल्या. "परवासुद्धा म्हणाले, बाजारातून नकली आणली आणि भिक्षूंचं नाव लावलं. मला कागद हवाय, लुंग. त्यांच्यासमोर ठेवायला."

लुंगनी दोन फोटो काढले. आभाळ भरून आले होते. "मळ फार आहे, ताई. चेहरा उठत नाही. उद्या सकाळी तिरपं ऊन येतं, तेव्हा पुन्हा काढू."

एवढेच ते बोलले. जुन्या मूर्तीवरचा मळ म्हणजे तिचे वय. त्याला हात लावायचा नसतो, हे त्या बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. म्हणून ते सांगायचे लुंगना सुचले नाही.

सकाळी लमूनबाई हसत आल्या. "आता काढा! लिंबू लावून दात घासायच्या ब्रशने घासलीय. बघा, नाकसुद्धा दिसतंय."

मूर्ती खडूसारखी पांढरी होती. लुंगनी भिंग लावले, खाली ठेवले, पुन्हा लावले. मग कालचे फोटो त्यांनी संगणकावर मोठे केले. आदल्या दिवशी ते नीट पाहिलेच नव्हते. कानामागच्या खळग्यात तेलकट थर होता, आणि त्या थराला केसासारख्या बारीक भेगा. असा थर एका पिढीत चढत नाही, आणि कोणाला चढवताही येत नाही.

"ही खरी होती," लुंग म्हणाले.

"होती?"

"थर गेला, ताई. आता कोणी कागद देणार नाही. नुसत्या फोटोवर देत नाहीत. मी काल सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."



लमूनबाई पडद्याकडे पाहत राहिल्या. "म्हणजे ते खोटं बोलत नव्हते."

"नाही."

"आणि ते मी धुऊन टाकलं."

लुंगनी भिंग खिशात ठेवले. त्यांनी विचारले, "दिरांशी मी बोलू?"

"नको. ते हसतील, हसू देत." त्यांनी मूर्ती करड्या कापडावर ठेवली. "हिचा फोटो काढा."

"आता कशाला, ताई?"

"आज जशी आहे तशी. मी केलंय ना हे."

मी दोन सेकंद थांबलो आणि डोळा उघडला. फोटो स्पष्ट आला. तेव्हा मला काही वाटल्याचे आठवत नाही. लमूनबाईंनी ती पांढरी मूर्ती स्वतःच्या गळ्यात घातली आणि त्या गेल्या.

पुढे कॅमेरा असलेले मोबाइल फोन आले. माझी बॅटरी फुगली, फुलाचे बटण आत रुतले. आता मी खणात आहे. वर भिंगे पुसायचे फडके आहे.

मित्रांनो, माझ्यासाठी काही मागत नाही. एवढेच सांगतो की जुनी वस्तू हाती आली तर ती फोटोत सुंदर दिसावी म्हणून घासू नका. आधी जवळून पाहा. आणि जे तुम्हाला ठाऊक आहे, ते समोरच्याला ठाऊक असेलच असे धरून चालू नका, तोंडाने सांगा. आम्हा वस्तूंना सांगता येत नाही.