डबा तोच, आतलं नवं

आमच्या घरात खिळासुद्धा मला विचारून ठोकतात. तेव्हा धाकटीचा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा की भंगारात द्यायचा, हा सवाल माझ्यापुढे आला यात नवल नाही. मी कपडे शिवते, आणि त्याहून जास्त सुधारते. ढगळ ते आत घेते, आखूड ते उसवून सोडते, झिजलेली कॉलर उलटी करून लावते. कुठलं कापड अजून चार वर्षं सोसेल आणि कुठलं सुई लागताच विरेल, हे माझ्या बोटांना कळतं. कॉम्प्युटर तो काय, पत्र्याचा कोट.

धाकटी माझी एकोणतीस वर्षांची. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे कामाला आहे. आठवडाभर लोकांच्या जबड्यांत डोकावते आणि रविवारी जेवणं झाली की कॉम्प्युटरवर लढाई खेळते. जोडीला थोरला असतो. तो लांब, त्याच्या गावी बसून खेळतो आणि बहीणभाऊ एकमेकांशी गप्पा मारत माणसं मारतात. हा कॉम्प्युटर थोरल्यानंच नऊ वर्षांपूर्वी माझ्या कापायच्या टेबलावर सुटे भाग पसरून जोडला होता. जाताना बहिणीला देऊन गेला.

आता खरी गोष्ट. थोरल्याशी मी दोन वर्षं बोललेले नाही. त्याच्या लग्नासाठी मी कोट शिवला. तीन आठवडे दुसऱ्या गिऱ्हाइकांना दार दाखवून शिवला. ह्यानं ऐन वेळी घालून पाहिला, "आई, बाही आखूड होते गं," म्हणाला, आणि दुकानातला तयार कोट घालून उभा राहिला. शिंपिणीचा मुलगा, तयार कोटात. बाही आखूड नव्हतीच. पोट वाढलं की कोट ताणतो आणि बाही वर चढते, एवढं माझ्या पोटच्या पोराला कळू नये? तेव्हापासून त्याचा फोन आला की माझ्या हातात कायम कात्री असते.

पण रविवारी दुपारी कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून त्याचा आवाज घरभर येतो. "छपरावर बघ, छपरावर. अगं वेडे, मेलीस ना." सर्दी झालेली असली तर कळते. मागून सूनबाईनं हाक मारली तर तीही ऐकू येते. मी मशीनवर बसून असते, पण पायडल काही मारत नाही. हेडफोनची भोकं वर्षापूर्वी बिघडली म्हणून धाकटी स्पीकर लावते. कशी बिघडली ते पुढे येईलच.

गेल्या महिन्यात त्या खेळाचं नवं काहीतरी निघालं आणि आमचा कॉम्प्युटर मटकन बसला. थोरला पळायचा, धाकटी जागच्या जागी थिजायची. पंखा तर असा घरघरायचा, जसा दम लागलेला माणूस. तीन रविवार खेळच झाला नाही. म्हणजे माझेही तीन रविवार कोरडे गेले.

"आई, नवाच घेते," धाकटी म्हणाली. "त्याच्याबरोबर चांगला हेडफोन पण येतो."

माझ्या तोंडातली टाचणी गिळायचीच राहिली.

"ह्याला काय धाड भरलीय? आतलं बदलून घे."

"तू कधी कॉम्प्युटर वापरलायस का?"

"मी कोट तरी कुठे घालते? शिवते ना?"

असं आठवडाभर चाललं. ती म्हणायची मी जुन्याला चिकटून बसते, आणि मी म्हणायचे तुम्हाला टिकवायची अक्कल नाही. खरं कारण मी माझ्या सुईलासुद्धा सांगितलं नव्हतं. शेवटी दुरुस्तीवाल्याला घरी बोलवायचं ठरलं. तो सांगेल ते ऐकायचं, आणि मग मी ठरवायचं.

दुरुस्तीवाला पन्नाशीचा, काटकुळा. शर्टाचं तिसरं बटण भलत्याच रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं, म्हणजे स्वतः लावलं असणार. माणूस बरा वाटला. त्यानं डबा आडवा केला, झाकण काढलं आणि आत वाकून बघतच राहिला.

"नऊ वर्षांचा आहे ना? मग धूळ कुठाय?"

पंख्यापुढे जाळी होती. थोरल्यानं माप दिलं होतं आणि मी जाळीच्या कापडाला दुहेरी पट्टी मारून शिवली होती. दर महिन्याला मीच काढून धुते.

"मावशी, कंपनीचीसुद्धा इतकी नीट नसते," तो म्हणाला.

"कंपनीला शिवता येत नाही," मी म्हणाले.

मग त्यानं एकेक भाग दाखवला. "मदरबोर्ड थकलाय. जुना झाला की नवं काही त्याच्या पचनी पडत नाही," असं तो माझ्याकडे न बघता म्हणाला, म्हणून वाचला. मग त्यानं हेडफोनची तार पुढच्या भोकात घालून बघितली. जाईना. मागच्या भोकात घातली. तिथंही जाईना. त्यानं बॅटरी मारली, एक बारीक सुई घेतली आणि भोक कोरलं. टेबलावर निळी भुकटी पडली.

त्यानं ती बोटावर घेतली. "खडू आहे."

धाकटीनं भुकटीकडे पाहिलं. मग माझ्या कानामागे पाहिलं. तिथं माझा खुणा करायचा निळा खडू असतो.

"उंदरानं नेला असेल," मी म्हणाले.

"आणि दोन्ही भोकांत ठोकून बसवला?"

"हल्लीचे उंदीर शिकलेले असतात."

दुरुस्तीवाल्यानं खाली मान घालून दुसरं भोक कोरायला घेतलं. पाठ हलत होती त्याची. धाकटी मात्र हसली नाही. माझ्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आई, मी स्पीकरच ठेवेन. हेडफोन नाही लावणार."

हे मात्र मला झोंबलं. माझ्या घरात, माझ्या पोरीनं, मला आवाज दान करायचा.

"तुझे उपकार कुणी मागितलेत? गप बस," मी म्हणाले आणि दुरुस्तीवाल्याकडे वळले. "खरं सांगा. हे मूळ कापड धरतंय का? नवं काही जोडलं तर शिवण टिकेल?"

तो थांबला. "वर्षभर चालेल मावशी. मग परत हेच. मी पैसे घेईन, पण तुम्ही मला शिव्या घालाल."

विरलेल्या कापडाला मी कधी ठिगळ लावलेलं नाही. गिऱ्हाईक रडलं तरी नाही. "मग आतलं सगळं नवं घाला," मी म्हणाले. "डबा तोच ठेवा. जाळी तीच. आणि हेडफोनही द्या तिला, चांगल्यातला. भोकं मोकळी झालीच आहेत."

पुढच्या रविवारी कॉम्प्युटर मांजरासारखा गप होता. धाकटीनं कानांवर हेडफोन चढवला. मी सांगितलंच होतं तसं. आता मला तिचंच अर्धं बोलणं ऐकू येत होतं. "हं. हो. नाही रे, एकदम मस्त पळतोय. आई? इथंच आहे. काज करतेय." मी ते काज तिसऱ्यांदा उसवत होते. पलीकडून तो काय म्हणाला, कोण जाणे. ती हसली. कशाला हसली, तेही कळेना.

सकाळीच मी तो लग्नाचा कोट कपाटातून काढून टेबलावर पसरला होता. हवा लागावी म्हणून. मी वही आणि खडू घेतला आणि तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.

"त्याला विचार, खांद्यापासून मनगटापर्यंत किती भरतं."

"तूच विचार." तिनं हेडफोन काढून माझ्या डोक्यावर घातला.

कानातच बोलल्यासारखा आला आवाज. "काय गं, थांबलीस का? मागे बघ, मागे."

"मागे भिंत आहे," मी म्हणाले.

पडद्यावर त्याचा शिपाई आमच्या शिपायाशेजारी बंदूक खाली करून उभा राहिला.

"आई?"

"खांद्यापासून मनगटापर्यंत माप घे. शिवणीत दोन बोटं माया ठेवलेली आहे, सोडता येते. पोटाचं पण सांग."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज, सूनबाईचा आवाज, टेप शोधल्याचा आवाज.

"बाही चोवीस. पोट छत्तीस."

"खरं सांग."

"...एकोणचाळीस."

मी वहीत चाळीस लिहिलं. इतक्यात पडद्यावर लाल लाल झालं.

"आई, आपण मेलो," धाकटी म्हणाली. "आणि तुझ्यापायी दादा पण मेला."

"मरू दे," मी म्हणाले. "तू उठू नकोस रे. अजून खांदा मोजायचाय."