करड्या बेटावरची बैठक

विभागात त्यांना सगळे 'मधल्या बाई' म्हणत, आणि ते नाव त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नव्हतं.

आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवणाऱ्या त्या विभागात दर वर्षी युद्धसराव व्हायचा. खरं युद्ध नव्हे. मोठ्या सभागृहात टेबलं जोडून पसरलेल्या नकाशावरचं. एका काठाला निळा देश, दुसऱ्या काठाला तांबडा, मध्ये चिंचोळा समुद्र, आणि त्या समुद्रात, दाताच्या फटीत कण अडकावा तसं, एक करडं बेट. प्राध्यापक मंडळी त्या त्या देशाचं सरकार होऊन बसत, आणि विद्यार्थी मागच्या बाकांवरून पाहत. फेरीमागून फेरी चाले. दर फेरीला प्रत्येक देशाने एक हालचाल करायची आणि तिचा निकाल पंचांनी द्यायचा. पंच म्हणून एक निवृत्त जनरल येत. निळा देश विभागप्रमुखांकडे, तांबडा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांकडे, आणि करडं बेट न चुकता बाईंच्या पदरात. ते बेट जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणीतरी गिळलेलं असे. संध्याकाळी उरलेल्या दोघांचं युद्ध पेटलं की टाळ्या वाजवून सगळे घरी जात.

बेटावर बाईंच्या जोडीला इतिहासाचे एक वयस्क प्राध्यापक असत. त्यांना सारा विभाग 'काका' म्हणे. हे बेट काकांनी स्वतःहून मागून घेतलं होतं. आपला देश दुपारी बुडतो, म्हणजे घरी जाऊन जरा लवंडता येतं, असं ते उघड सांगत. जिंकणाऱ्यांना बिचाऱ्यांना अंधार पडेपर्यंत बसावं लागतं, याचं त्यांना खरंच वाईट वाटे.

या वर्षी मात्र बाईंना बुडून चालणार नव्हतं.

'सीमेवरचा शेजार' हा विषय त्या शिकवायच्या. तो पुढच्या वर्षीपासून अभ्यासक्रमातून काढायचं चाललं होतं. बाईंनी उमेदीची सगळी वर्षं त्या विषयात घातली होती. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या देशांच्या सीमांवर ज्यांनी नोकऱ्या केल्या, अशा म्हाताऱ्या अधिकाऱ्यांना त्या घरोघरी जाऊन भेटल्या होत्या. त्यांतून त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. जिथे दोन्हीकडची माणसं ठरलेल्या वेळी रोज भेटत, भले हरवलेल्या मेंढ्यांबद्दल बोलायला का असेना, तिथे ठिणगी पडली तरी वणवा होत नसे. मोठमोठ्या तहांनी जे साधलं नाही ते या किरकोळ भेटींच्या नेमाने साधलं होतं.

विभागप्रमुखांना हे हास्यास्पद वाटे. ते विद्वान होते, आणि मनाने वाईट नव्हते. पण बळ बळाला भितं, आणि ज्याला भीती वाटते तो आधी वार करतो, यापलीकडे जगात काही आहे हे त्यांना मान्य नव्हतं. विभागाच्या बैठकीत ते म्हणाले होते, की बाईंचं हे तत्त्वज्ञान गृहनिर्माण सोसायटीच्या पार्किंगसाठी उत्तम आहे, देशांसाठी नाही. सगळे हसले. बाईही हसल्या, आणि हळूच म्हणाल्या, "सर, पार्किंगवरून माणसं जास्त भांडतात."

सरांच्या नाकाला मिरची झोंबली. ते म्हणाले, "ठीक आहे. सराव तोंडावर आलाय. तुमचं बेट संध्याकाळपर्यंत टिकवून दाखवा, आणि युद्धही होऊ देऊ नका. मी स्वतः अभ्यासमंडळापुढे तुमची वकिली करीन. नाही जमलं, तर विषय मुकाट्यानं सोडायचा."

बाईंनी मान डोलावली. अर्थशास्त्रवाले हे ऐकून काकांच्या कानाला लागले, की ही तर शेळीने लांडग्याशी पैज लावली.

घरी हे कळल्यावर बाईंच्या यजमानांनी, त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, धीर दिला की हरलीस तर सरळ दुकानात येऊन बस. जवळचं न दिसणारी माणसं तिथेही रोज येतात. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता एवढंच म्हटलं, "ही हळू बोलते, तेवढं त्या लोकांना ठाऊक आहे. बोलायची थांबत नाही, ते अजून कळलेलं नाही."

सरावाच्या दिवशी बाईंनी सकाळची प्रार्थना रोजच्यासारखीच केली. यशासाठी वेगळं काही मागितलं नाही. तोल जाऊ देऊ नकोस, एवढंच म्हटलं.

पहिल्या फेरीत निळ्यांनी गस्तीच्या बोटी पुढे सरकवल्या, तांबड्यांनी तोफा किनाऱ्याला आणल्या. बेटाची पाळी आली तेव्हा बाई उठल्या आणि म्हणाल्या, की बेटाच्या टोकाला एक दीपगृह आहे, त्याच्या दिव्यावर दोन्ही देशांची जहाजं चालतात. त्याची देखभाल कुणी करायची हा वाद जुना आहे. तर दर फेरीच्या शेवटी दोघांनी एकेक माणूस बेटावर पाठवावा. दिव्याचं काय, मासेमारीच्या होड्या कुठे, गस्तीच्या बोटी कुठे, एवढं एकमेकांच्या कानावर घालावं आणि परत जावं. दुसरं काही ठरवायचं नाही.

जनरलसाहेबांनी दोन्हीकडे पाहिलं. सरांनी खांदे उडवले. दिव्याच्या वातीवर कुणाचं राज्य बुडत नाही, असं म्हणून त्यांनी होकार दिला. तांबड्यांनीही दिला. ही बैठक फेरीत धरायची नाही, तिने कुणाची हालचाल खर्ची पडणार नाही, असा निर्णय जनरलसाहेबांनी देऊन टाकला. बाईंना एवढंच हवं होतं.

निळ्यांनी आपल्यातला सगळ्यांत निरुपयोगी माणूस पाठवला: एक गोलमटोल, गप्पिष्ट व्याख्याता, जो टेबलापाशी असला की कुणाला विचार करू देत नसे. तांबड्यांकडून आली ती संख्याशास्त्राची तरुण प्राध्यापिका, कपाळावर कायमची आठी असलेली. कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाशी, करड्या कापडावर, दोघं समोरासमोर बसली.

पहिली बैठक मूग गिळून झाली. दुसरीत दीपगृहाला कोणता रंग द्यायचा यावरून दोघं अशी हमरीतुमरीवर आली, की काका जागे झाले. तिसऱ्या बैठकीला गोलमटोल व्याख्याता खुर्ची ओढत स्वतःच म्हणाला, की आमच्या होड्या आज उत्तरेला आहेत बुवा, तुमच्या जाळ्यांत अडकू नयेत म्हणून सांगतो. आठीवाल्या बाईंनी तेवढ्याच कोरड्या आवाजात सांगितलं, की त्यांच्या गस्तीच्या सगळ्या बोटी तळ खरवडायला गोदीत चढवल्या आहेत. त्यावर तो खदखदून हसला. समुद्रावर राज्य करायला निघालेल्यांच्या बोटी न्हाणीघरात, म्हणाला. आणि नवल म्हणजे तिच्या कपाळावरची आठी क्षणभर मोडली.

जेवणाची सुट्टी झाली तरी बेट शाबूत होतं. त्यात बाईंची फार कर्तबगारी नव्हती. दोघांचीही माणसं तिथे सारखी येत-जात असल्यामुळे बेट गिळायला पुढे कुणी व्हायचं, हेच ठरत नव्हतं. काका मात्र धास्तावले. आता मला लवंडायला कधी मिळणार, असं त्यांनी बाईंना जरा तक्रारीनेच विचारलं.

जेवणानंतर ती वेळ आली. दर वर्षी याच सुमारास जनरलसाहेब एक संकट टाकत, आणि दर वर्षी त्यातून युद्ध पेटे. ते उभे राहिले, घसा साफ केला, आणि जाहीर केलं की निळ्यांची गस्तीची बोट करड्या बेटाजवळ स्फोट होऊन बुडाली, माणसं दगावली, कारण माहीत नाही. ज्याला कारण शोधायचं असेल त्याला शोधता येईल, पण तपासात त्याची एक फेरी जाईल.

सभागृहात एकदम गरमागरमी झाली. तपासाला कुणीच कधी गेलं नव्हतं. आपण तपास करत बसलो आणि तेवढ्यात पलीकडच्याने वार केला तर खेळ खलास. म्हणून वार आधी, तपास नंतर, आणि नंतर तपासाला कुणी उरतच नसे. सरांनी बाह्या सरसावल्या. निळी जहाजं रांगेत लागली. पलीकडे अर्थशास्त्रवाल्यांनी ते पाहिलं आणि तोफांची तोंडं फिरवायला सुरुवात केली.

बाई आपल्या जागी बसून होत्या. पाचावर धारण बसावी असाच प्रसंग होता. काकांनी कुजबुजत सुचवलं, की आपण दोघांनाही तातडीच्या चर्चेला बोलावू या. बाईंनी मान हलवली. आत्ता बोलावलं तर जो आधी येईल तो घाबरला असं ठरेल, आणि म्हणून कुणीच येणार नाही. म्हाताऱ्या अधिकाऱ्यांनी त्यांना हेच तर सांगितलं होतं. त्यांनी दोन खुर्च्या नीट लावल्या, आणि मनातल्या मनात नाम घेत वाट पाहू लागल्या.

फेरी संपायला आली. गोलमटोल व्याख्यात्याने सरांना दबक्या आवाजात विचारलं, की आता बेटावर जायचं की राहू दे? सर हल्ल्याच्या आखणीत गढले होते. ते म्हणाले, "जा, जा. न गेलात तर त्यांना वास लागेल. तोंडावर काही दिसू देऊ नका."

पलीकडे अर्थशास्त्रवाल्यांनी आपल्या प्राध्यापिकेला अगदी हेच सांगितलं. दोघांनीही डाव लपवायला म्हणून आपापला माणूस पाठवला. ठरलेली भेट चुकवणं हीच आता मोठी बातमी झाली असती.

दोघं येऊन बसली. गोलमटोल माणसाने आज होड्यांचं नावही काढलं नाही. त्याच्या देशाची माणसं दगावली होती, आणि खेळ असूनही त्याचा चेहरा उतरला होता. आठीवाल्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या वाद घालायच्या तयारीने आल्या होत्या, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तुमच्या माणसांचं वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "पण आम्ही कशानं बुडवणार? तोफ डागली असती तर साऱ्या बेटाने ऐकली असती, आणि आमच्या बोटी गोदीत आहेत. मघाशी तुम्हीच हसलात ना त्यावर?"

 तो ताडकन उठला, आणि एवढ्या देहाचा माणूस एवढ्या झपाट्याने चालू शकतो हे विभागाला त्या दिवशी कळलं.

निळ्यांच्या टेबलाशी त्याने सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा कुणी कान दिला नाही. मग त्याने सरांच्या हातावर हात ठेवला. "सर, त्यांनी केलेलं नाही. स्फोट व्हायच्या आधीच मला ठाऊक होतं त्यांच्या बोटी कुठे आहेत. मी तुम्हाला सांगितलंही होतं. तुम्ही म्हणालात, गप्पा नंतर."

सरांचा हात नकाशावर तसाच राहिला. हल्ल्याची आज्ञा ओठांवर होती. ती दिली असती तर संध्याकाळपर्यंत ते जिंकलेही असते, आणि बाईंचा विषय गेला असता. सभागृहातल्या प्रत्येकाला ते कळत होतं. बाईंनाही. पण आजवर सरांनी खेळलेल्या प्रत्येक युद्धात समोरच्याचं मन त्यांना अंदाजाने ओळखावं लागलं होतं. आज त्यांना माहीत होतं. माहीत असून माहीत नसल्यासारखं वागणं हे त्यांच्यातल्या विद्वानाला जमेना.

त्यांनी हात मागे घेतला. "तपास," ते म्हणाले. "ही फेरी मी तपासाला देतो."

असं त्या सभागृहात पूर्वी कधी कुणी म्हटलं नव्हतं. आता तांबड्यांची पाळी. निळ्यांची बाजू उघडी पडलेली, तोफा रोखलेल्या. सगळ्यांच्या माना अर्थशास्त्रवाल्यांकडे वळल्या. ते काही बोलणार तोच आठीवाल्या बाई त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. समोरचा माणूस मघाशी बेटावरून धावत का गेला ते त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं. तपासाला निघालेल्याच्या पाठीत सुरी खुपसायची असेल तर मला पुढच्या बैठकीला पाठवू नका, मला त्या माणसासमोर बसता येणार नाही, म्हणाल्या. अर्थशास्त्रवाल्यांनी डोकं खाजवलं, नकाशाकडे पाहिलं, आणि तोफा होत्या तिथेच ठेवल्या.

जनरलसाहेबांनी तपासाचा निकाल दिला. स्फोट बोटीतल्याच दारूगोळ्याचा होता. निळ्यांच्याच माणसाच्या हलगर्जीपणाने बोट गेली होती. मग त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि सांगितलं, की दर वर्षी ते कारण हेच ठरवून येतात. दर वर्षी दोन देश या एका फुटक्या बोटीपायी भस्म होतात, आणि ते मुकाट्याने घरी जातात. आज पहिल्यांदा कुणी त्यांना विचारलं.  त्यांनी खरी युद्धं पाहिली होती.

टाळ्या आधी विद्यार्थ्यांच्या बाकांवरून आल्या. मग गोलमटोल व्याख्याता टेबलावर थापा मारू लागला. काकांनी बेटाचा छोटा झेंडा उपसून डोक्यावर धरला आणि खुर्चीवर चढायला लागले. दोघांनी त्यांना धरून उतरवलं. बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी पदराने ते टिपले, आणि मग त्याही हसल्या. हळू नाही, चांगल्या खळखळून.

सरांनी शब्द पाळला. अभ्यासमंडळापुढे ते बाईंच्या विषयासाठी असे तावातावाने भांडले, की एका सदस्याने त्यांना विचारलं, हा विषय तुम्हीच शिकवणार आहात की काय. विषय राहिला. नुसता राहिला नाही, तर सगळ्यांना अनिवार्य झाला. सत्राच्या पहिल्या दिवशी नेमून दिलेल्या खोलीत मुलं मावेनात, तेव्हा बाईंना मोठं सभागृह देण्यात आलं.

बाई आत शिरल्या. बाकं भरली होती, पायऱ्यांवरही मुलं बसली होती, आणि पहिल्या रांगेत, हातात पेन घेऊन, सर.

"मला अजून सगळं पटलेलं नाही," त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं. "मी शंका विचारणार."

"विचारा की," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फळ्याकडे वळून, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरांत, विषयाचं नाव लिहिलं.