वितळलेले ब्लॉक

सायकल संघाचा मिस्त्री, ज्याला झाडून सगळे मामा म्हणायचे, आज सकाळी भर रस्त्यातून पळत सुटला होता. पन्नाशीचा गडी, गुडघे कुरकुरणारे, पण आज पायांना उसंत नव्हती. मुठीत ब्रेकचे दोन रबरी ब्लॉक होते.

त्याला हक्कानं मामा म्हणणारा एकच होता, सख्खा भाचा. तो महिन्यापूर्वी शर्यतीत घाटाच्या उतारावर कठड्यावरून खाली गेला. रक्तात उत्तेजकाचे अंश सापडले आणि लोकांना चघळायला विषय मिळाला. नशेत ब्रेकच लावला नाही म्हणे. काल त्याच्यासोबत फोटो काढायला जीव टाकणारे आज नाकं मुरडत होते. त्याच्या आईनं, म्हणजे मामाच्या ताईनं, घराबाहेर पडणं सोडलं होतं. "घेतलं असेल रे त्यानं काही," ती म्हणायची, "पण मरायला नव्हता निघाला तो."

केबल शाबूत दिसली म्हणून तपासणाऱ्यांनी 'ब्रेक ठीक' असं लिहून टाकलं होतं. आज मोडकी सायकल परत मिळाली आणि मामाचा हात सवयीनं आधी ब्रेककडे गेला. पुढचे दोन्ही ब्लॉक वितळून चाकाच्या कडेला चिकटले होते. त्यानं ते उपटून हातात घेतले. इतके वितळायला ब्रेक पार घाटमाथ्यापासून दाबून धरावे लागतात. पोरगं शुद्धीत होतं, जिवाच्या आकांतानं थांबायला बघत होतं. चौकशीची शेवटची सुनावणी अकराला होती आणि पावणेअकरा वाजले होते.

धापा टाकतच तो सुनावणीच्या खोलीत शिरला आणि चौकशी अधिकारी बाईंच्या टेबलावर ते ब्लॉक ठेवले. "बघा मॅडम, वरपासून खालपर्यंत ब्रेक दाबलेत त्यानं."

बाईंनी चष्मा सरसावून नीट पाहिलं. "म्हणजे बेदरकारपणा नव्हता," त्या म्हणाल्या आणि तसं लिहून घेतलं.

सुनावणीपुरती घराबाहेर पडून टेबलाशेजारी बसलेल्या ताईनं महिन्यात पहिल्यांदा मान वर केली. तिनं भावाचा हात घट्ट धरला. ती हसत होती आणि डोळे वाहत होते. मामाला आनंदानं ओरडावंसं वाटलं.

"मग सायकल थांबली का नाही?" बाईंनी सहज विचारलं.

मामानं हुरूपानं ब्लॉककडे बोट केलं आणि ते बोट तिथंच राहिलं. ब्लॉक काळे होते. शर्यतीच्या सकाळी नवी कार्बनची चाकं आली, भाचा हरखून गेला, आणि मामानं घाईघाईत ती चढवून दिली. कार्बनच्या चाकांना पिवळे ब्लॉक लागतात, काळे तापून लोणी होतात. हे त्याला झोपेतही पाठ होतं. पिवळे ब्लॉक खोक्यातच राहिले होते.

'काय की' एवढंच म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण मग सगळं पुन्हा पोराच्याच माथी आलं असतं.

ताईच्या मुठीतून त्यानं आधी आपला हात सोडवून घेतला.

"ब्लॉक चुकीचे होते, मॅडम," तो म्हणाला. "बदलायचे राहिले. माझ्याकडून."