कावळ्यांचा डफ आणि गरुडांची पोर

मी एक जुना डफ आहे, आणि माझा सहसा कोणावर विश्वास बसत नाही. अलास्कातल्या हूना गावातल्या आम्हा त्लिंगित लोकांच्या दोन बाजू, कावळा आणि गरुड. मी कावळ्यांचा, पण मला घडवलं एका गरुडाने. एकाचं काम दुसऱ्या बाजूने करायचं, लग्नही दुसऱ्या बाजूशीच, आणि मूल मात्र आईच्या बाजूचं, ही आमची रीत.

मित्रांनो, तरुणपणी माझ्याशिवाय मेजवानी होत नसे. मग शाळेत आपली भाषा बोलणाऱ्या पोरांना मार बसू लागला आणि गाणी घशातच राहिली. पुढे गोड बोलणारे एक पाहुणे आले, यंत्रात गाणी भरून घेऊन गेले, ते गेलेच. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. मी तेच करू लागलो.

आमचं, फक्त कावळ्यांनीच गायचं होडीचं गाणं शेवटी एकट्या बर्निस आजीला येत होतं. एके दिवशी तिच्या मुलाची मुलगी टेसा फोन घेऊन आली. आजी कावळा, टेसा आईकडून गरुड. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"हे गाणं तुझं नाही गं," आजी म्हणाली.

"माहितीये. तरी म्हणून दाखव."

"आणि मग गाणार कोण, तुझा फोन?"

"आधी मासा खा, गार होतोय."

"मासा चारून गाणं काढतेय. लबाड कुठली."

तरी आजीने गाणं म्हटलंच. त्यानंतर टेसा रोज संध्याकाळी फोन घेऊन शाळेकडे जाई. चोराच्या तोंडी जाण्यापेक्षा गाणं आजीबरोबर गेलेलं बरं, असं मला वाटे.

त्या हिवाळ्यात आजी गेली. वर्षाने तिच्या नावाची मेजवानी झाली. यजमान कावळे इकडे, पाहुणे गरुड समोर. होडीच्या गाण्याची वेळ आली, तसा मी टेसावर नजर रोखली. आता ही उठणार.

उठली ती आजीच्या बहिणीच्या लेकीची पोरं, आमची, कावळ्यांची. माझ्यावर थाप पडली आणि त्यांनी अख्खं गाणं म्हटलं, थेट आजीच्या उच्चारांत. नंतर कळलं, शाळेत टेसा त्यांना फोनवर आजीचा आवाज ऐकवत होती, चुकलं की पुन्हा लावत होती. तिला शब्दन् शब्द येत होता. तरी ती ओठ मिटून बसली होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. माझा ऊर भरून आला.

मित्रांनो, मला दमटपणापासून जपा. गाणी मागायला कोणी आलं, तर ती कोणाला देणार, हे जरूर विचारा. पण गाण्याला कुलूप लावू नका. ज्याचं त्याच्या तोंडी पोचवा, आणि मग जमलं तर टेसासारखं गप्प बसा.