टिकलीची फुंकर

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर लवकर टाका बरं! मुठीत कोंडलं की माझा जीव कासावीस होतो. मी एक जुना लाकडी फासा आहे. एका सुताराने उरलेल्या तुकड्यातून मला कापलं, सहाही बाजू घासून सारख्या केल्या आणि तापलेल्या खिळ्याने ठिपके डागले. "हा कुणाची बाजू घेणार नाही," असं तो ऐटीत म्हणाला होता.

पण त्याला नात झाली! सगळे तिला टिकली म्हणतात. पाच वर्षांची टिकली हरली की भोकाड पसरायची. ती माझ्यावर फुंकर मारून मला टाकायची, तेवढ्यात आजोबा म्हणायचे, "अगं, माझा चष्मा कुठाय बघ बरं." तिची मान वळली की बोटाने मला सहावर उलटायचे. मग काय, घरभर कौतुक! मी प्रामाणिकपणे दाखवलेले दोन ठिपके कुणी बघायचंच नाही. मला फार लाज वाटायची.

मग टिकलीची आई बाळंतपणासाठी दवाखान्यात गेली. बाळ अशक्त निघालं. दोन दिवसांत येणारी आई पाच दिवस झाले तरी येईना. टिकली सकाळी उठताच मला टाकायला बसली. "सहा पडले की आई आज येणार." एक पडला. चार पडले. पुन्हा एक. तिची नजर माझ्यावरून हलेना, त्यामुळे आजोबांचंही काही चालेना.

"मी नीट फुंकत नाही, म्हणून आई येत नाही," ती हुंदके देत म्हणाली. "बाळ पण माझ्यामुळेच आजारी आहे."

आजोबा तिच्याजवळ जमिनीवर बसले. "टिकले, सहा मी पाडायचो. बोटाने."

"तुम्ही लबाडी करायचात?"

"हो गं."

तिने मला कपाटाखाली भिरकावलं. धुळीत मी नुसता तळमळत होतो. बऱ्याच वेळाने तिनेच मला पट्टीने बाहेर ओढलं. मग फुंकरीने खरंच फरक पडतो का ते बघायला दोघांनी कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारत मला साठ वेळा टाकलं. तीस वेळा फुंकर मारून, तीस वेळा न मारता. फुंकरीने सहा चारदा पडले, फुंकरीवाचून पाचदा.

"म्हणजे याला माझं ऐकूच येत नाही?"

"नाही."

"मग आई कधी येणार?"

"मला माहीत नाही, बाळा. पण ती तुझ्यामुळे अडकलेली नाही."

टिकली खूप रडली आणि त्यांच्या मांडीवरच झोपली.

मित्रांनो, हात जोडून सांगतो, धाकट्या भावंडांना खेळात खुशाल हरू द्या. आणि घरात कुणी आजारी पडलं, तर त्या लहानग्यांना जवळ घेऊन सांगा, की यात तुझं काही चुकलं नाही. ती विचारत नाहीत, पण मनात धरून बसतात.