चार निळे ठिपके

दातकाकांच्या नाकावर माशी बसत नसे, काम चालू असताना तर नाहीच नाही. माणूस कवळ्या बनवायचा, उभी हयात त्यातच गेलेली. काकांनी केलेली कवळी डुगडुगली तर दोष तोंडाचा, असं दातांच्या लॅबमध्ये सगळे मानायचे आणि काकांना तर त्यात शंकाच नव्हती. पण डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ही सगळी ऐट कुठल्या कुठे पळाली. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. काका मनात म्हणाले, भिंतीवरची ढब्बू अक्षरं वाचून कवळी बसत नाही, महाराज.

मग त्यांनी स्वतःच स्वतःची परीक्षा घ्यायचं ठरवलं. प्लॅस्टिकच्या छोट्या मोटारींची किट जोडायचा छंद जुनाच होता आणि कपाटात एक खोकं न उघडता पडलं होतं. ही मोटार निव्वळ नजरेच्या अंदाजानं जोडायची. चारी चाकं टेकली तर कामावर जायचं. नाही टेकली तर लॅबच्या मालकांना फोन करून सांगायचं, माझी जागा दुसऱ्याला द्या. हे त्यांनी फक्त काकूंना सांगितलं.  काकूंनी स्वतःची अडचण मात्र काढली नाही. दाढा काढल्यापासून बिचाऱ्या एकाच बाजूनं चावत होत्या, कवळीच्या मापाचा साचा कधीचा लॅबमध्ये जाऊन पडला होता, पण कुणी विचारलं की म्हणायच्या, घाई काय आहे?

किट पहिल्यापासून हट्टी निघालं. बॉडी चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बसेना. रंगाचा थरसुद्धा जागा खातो, म्हणून काकांनी आतल्या कडांचा रंग खरवडला, तरी बसेना. मग सीटांचा तळ दारांना अडतोय हे सापडलं, तो घासला आणि बॉडी टचकन बसली. पण नाक वर, कुणावर तरी रुसल्यासारखं. पुढच्या एक्सलची खाच आणखी खोल कोरली तेव्हा कुठे नाक खाली आलं. काका खुशीत शीळ घालू लागले. टेबलावरच्या हिरव्या प्लॅस्टिकच्या कटिंग मॅटवर मोटार ठेवली, तर पुढचं डावं चाक अधांतरी.

चाक काढलं, अंदाज घेत पुन्हा बसवलं. तेच. परत काढलं, परत बसवलं. तेच. बोट लावलं की मोटार डुगडुगायची. काही दिवस असे गेले आणि एका दुपारी काकांनी हात टेकले. चिमटा खाली ठेवला.

"संपलं," ते म्हणाले. "मालकांना आजच सांगून टाकतो."

 हा माणूस इतक्या हळू आवाजात बोललेला काकूंनी कधी ऐकला नव्हता. त्या टेबलाशी आल्या, छान दिसतेय हो, म्हणाल्या, आणि मोटारीचं तोंड आपल्याकडे फिरवून बघू लागल्या. काका सवयीनं खेकसणार, तेवढ्यात त्यांना दिसलं. पुढचं डावं चाक आता टेकलं होतं आणि मागचं उजवं वर होतं.

खोट चाकात असती तर चाकाबरोबर फिरली असती. इथे मोटार फिरली आणि खोट मॅटवर होती तिथेच राहिली. काकांनी वाकून मॅटच्या कडेला डोळा लावला. मॅट एका कोपऱ्यात चक्क वाकली होती.

"हिला काय झालं?"

काकूंचा चेहरा पडला. मग त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. ऑपरेशनच्या दिवशी काका खाली टॅक्सीत जाऊन बसले होते, टॅक्सीवाला हॉर्न मारत होता आणि गॅसवर दूध उकळत होतं. त्यांनी पातेलं उतरवलं, जागा दिसेल तिथे ठेवलं आणि पळाल्या. परत येऊन बघतात तर ते नेमकं मॅटवर. या मॅटवर काका कपसुद्धा ठेवू देत नसत, म्हणून पुसून घेतली आणि गप्प बसल्या. एवढं सांगून त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या, आता तोफ उडणार म्हणून.

तोफ काही उडाली नाही. काकांनी भिंतीवरचा दाढीचा आरसा काढून टेबलावर आडवा ठेवला, त्यावर मोटार ठेवली. खणातून कार्बनसारखा निळा कागद काढला. दात कुठे टेकतात हे बघायला ते हाच कागद वापरायचे. प्रत्येक चाकाखाली एक तुकडा सरकवून त्यांनी मोटारीचं छत हलकेच दाबलं, मग मोटार उचलून कागद काढले. आरशावर चार निळे ठिपके उमटले होते, चारी सारखेच गडद.

काकांचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले, आणि आरसा समोरच असल्यामुळे ते लपवायचीही सोय नव्हती.

"अगं, बसली. नुसत्या नजरेनं बसली."

"मला ठाऊक होतं," काकू म्हणाल्या.

"ठाऊक होतं म्हणे. मग एवढे दिवस एका बाजूनं चावत बसलीस, कवळी दुसऱ्याकडून का नाही करून घेतलीस?"

"तुम्ही असताना दुसऱ्याच्या हातचे दात कशाला घालू मी?"

 काकांनी मालकांना फोन लावला आणि नेहमीच्या चढ्या आवाजात सांगितलं की उद्यापासून येतो, आणि माझ्या टेबलावर पहिला साचा हिचा काढून ठेवा, आधी तो.

फोन संपेपर्यंत काकूंनी मॅट उचलली होती. आता हिच्यावर पातेलं ठेवलं तर चालेल का, त्यांनी विचारलं. काका म्हणाले, ठेव.